अरबीतले भुकेचे आणि नावडीचे शब्द : मराठीत कुठे काय बसतं?

शब्दपिसाट (प्रश्न)

जुन्या अरबी गद्याचे उतारे मराठीत आणण्याचं काम चालू आहे. बरेचसे अब्बासी काळातले (आठवं ते तेरावं शतक), काही हदीसमधले (पैगंबरांच्या वचनांच्या आणि प्रसंगांच्या नोंदी). जेवणाचा प्रसंग आला की गाडी अडते. कोशात शह्वा म्हणजे इच्छा, क़रम म्हणजे इच्छा, अय्मा म्हणजेही इच्छाच. पलीकडे आफ़, करिह, अजिम, अक़्हा या सगळ्यांपुढे ‘न आवडणे’. तेवढ्यावर भागवलं तर मराठी मजकूर अगदीच सपाट होतो.

नेमकं विचारायचंय ते असं :

१. यांच्यात खरा फरक काय, आणि मराठीत कोणासाठी काय वापरावं?
२. शह्वासाठी ‘वासना’ चालेल का? उर्दूत शहवत म्हणजे निव्वळ कामवासना, म्हणून हात आखडतो.
३. एका उताऱ्यात ऐन-फ़ा-ता एवढीच अक्षरं असलेलं क्रियापद आहे, वर ज़ेर-ज़बर (स्वरचिन्हं) काही नाही, आणि पुढे ‘अल्-लबन’. जुन्या भाषांतरात ‘मी माफ केलं’ असं दिलंय. दुधाला माफ कसं करणार?

काफ़काना

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो सापळा प्रसिद्ध आहे.

ऐन-फ़ा-ता ही अक्षरं तीन मुळांतून (तीन अक्षरांच्या धातूंतून) येऊ शकतात. ‘अफ़त’ : ऐन-फ़ा-वाव, म्हणजे पुसली गेली. लबीद या जुन्या कवीच्या मुअल्लक़ाची (इस्लामपूर्व प्रसिद्ध दीर्घकवितांपैकी एक) सुरुवातच ‘अफ़ति-द्-दियारु’ अशी आहे, वस्तीच्या खुणा पुसल्या गेल्या. ‘अफ़्फ़त’ : ऐन-फ़ा-फ़ा, ती शीलाने राहिली. आणि ‘इफ़्तु’ : ऐन-या-फ़ा, मला नकोसं झालं, मला घेववेना. ‘मी माफ केलं’ मात्र यातलं एकही नाही. ते ‘अफ़ौतु’, आणि त्यात वाव लिहावाच लागतो. तेव्हा त्या भाषांतरकाराने मूळ चुकीचं धरलंय. पुढे खाण्यापिण्याची वस्तू कर्म म्हणून आली असेल तर ‘इफ़्तु’ वाचा : ‘मला ते दूध घेववेना.’ जाता जाता, जुन्या अरबीत लबन म्हणजे दूधच. शाम भागात आज त्याचा अर्थ दही होतो, तो मागे नेऊ नका.

आता पहिला प्रश्न. हव्यासाच्या शब्दाला ‘कशाचा?’ असं विचारायचं आणि नावडीच्या शब्दाला ‘कशामुळे?’ असं. अरबीने या दोन घरांची वाटणी वेगवेगळ्या तत्त्वावर केली आहे, आणि कोश दोन्हींपुढे एकेक सरधोपट अर्थ टाकतो म्हणून सगळं सारखं दिसतं.

हव्यासाची वाटणी वस्तूवर. निशापूरच्या अस्-सआलिबीने (मृत्यू १०३८) ‘फ़िक़्ह अल्-लुग़ा’ या त्याच्या शब्दसंग्रहात ही वाटणी ओळीने मांडली आहे : माणूस भाकरीसाठी ‘जाइअ’ असतो, मांसासाठी ‘क़रिम’, पाण्यासाठी ‘अत्शान’, दुधासाठी ‘अय्मान’, फळांसाठी ‘जइम’. म्हणजे ‘क़रिम’ नुसता भुकेला नाही. पोट भाकरीने भरलेलं असेल, तरी मांस मिळालं नाही म्हणून त्याचा जीव वखवखतो. मराठीत एका शब्दात हे येत नाही. ‘मांसाची वखवख’ हे मला सर्वांत जवळचं वाटतं. ‘मांसाची इच्छा’ म्हटलं की धार जाते.

अय्मा त्याहून गंमतशीर. उंट-मेंढ्यांवर जगणाऱ्या टोळीत दूध म्हणजे रोजचं अन्न, त्यामुळे जनावरं मेली किंवा आटली की जे होतं ते अय्मा. शापच होता : ‘मा लहु आम व आम’. पहिला ‘आम’ हमज़ा या अक्षराने सुरू होणारा : त्याची बायको मरो, तो एकटा पडो. दुसरा ऐनने सुरू होणारा : त्याची गुरं मरोत आणि तो दुधासाठी तडफडो. कोशांमध्ये पैगंबरांची एक प्रार्थनाही उद्धृत असते, तीन गोष्टींपासून आश्रय मागणारी : अय्मा (ऐन), ग़य्मा, अय्मा (हमज़ा). दुधाची तडफड, पाण्याची तहान आणि जोडीदाराविना राहणं. देवनागरीत पहिला आणि तिसरा शब्द हुबेहूब एक होतो. अशा जागी कंसात ‘ऐन’ आणि ‘हमज़ा’ लिहिण्यावाचून इलाज नाही.

व्याकरण : ‘इश्तहा’ थेट कर्म घेतं, क़रिम आणि अय्मानच्या मागे ‘इला’ लागतो. ‘रग़िब’ असेल तर अव्यय डोळे उघडे ठेवून वाचा. ‘रग़िब फ़ी’ म्हणजे त्याला ते हवंसं वाटलं, ‘रग़िब अन’ म्हणजे त्याने तोंड फिरवलं. एका अव्ययावर अर्थ उलटा होतो, आणि घाईत केलेल्या भाषांतरात ही चूक हमखास सापडते.

आणि क़रमच्या रा वर ज़बर (‘अ’चं चिन्ह) आहे याची खात्री करा. ‘क़र्म’ म्हणजे पैदाशीसाठी राखून ठेवलेला, ओझ्याला न जुंपलेला उंट, त्यावरून टोळीचा म्होरक्या. ‘मांसाची वखवख’ आणि ‘म्होरक्या’ यांत फक्त एका स्वराचं अंतर आहे.

तिरपागडे

शह्वासाठी ‘वासना’ चालेल, किंबहुना तोच नेमका शब्द आहे. ‘अन्नावर वासना नाही’ असं मराठीत सर्रास म्हणतात आणि तिथे कोणाच्या मनात भलतं येत नाही. शह्वासुद्धा तशीच दोन्हीकडे चालते. कुरआनात स्वर्गातल्या पक्ष्यांच्या मांसाबद्दल ‘मिम्मा यश्तहून’ आहे (५६:२१), त्यांना जे खावंसं वाटेल त्यातलं. आणि ३:१४ मध्ये ‘शहवात’ म्हणजे स्त्रिया, संतती, सोनं-चांदी, घोडे, गुरं, शेती या सगळ्यांची ओढ. उर्दूने त्यातला एकच कोपरा उचलला. आजच्या अरबीतही शह्वा बऱ्यापैकी तिकडेच झुकली आहे, आणि जेवणाच्या भुकेसाठी ‘शहिय्या’ रूढ झालंय. जुन्या मजकुरात मात्र ‘शह्वा’ दिसली की आधी अन्नाचा अर्थ तपासावा.

नावडीच्या बाजूला काफ़कानांची कसोटी बरोबर आहे, तीच जरा उलगडतो.

आफ़ : स्वभावतःच नको वाटणं. वस्तूत दोष आहे असं नाही, कोणी मनाई केली असंही नाही. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण बुख़ारी आणि मुस्लिम या दोन हदीस-संग्राहकांनी दिलेली ‘ज़ब्ब’ची (एक वाळवंटी सरडा) हदीस. भाजलेला ज़ब्ब समोर आला, पैगंबरांनी हात आखडता घेतला. ख़ालिद इब्न वलीदने विचारलं, हा हराम आहे का? उत्तर : नाही, पण हा माझ्या लोकांच्या मुलखात नसे, ‘फ़-अजिदुनी अआफ़ुहु’. शब्दशः ‘तो मला नकोसा होतो असं मला आढळतं’. मग ख़ालिदने तो ओढून घेतला आणि त्यांच्या देखत खाल्ला. इथे ‘किळस’ लिहिलं तर चूक, कारण किळस वस्तूला घाण ठरवते. ‘निषिद्ध मानणे’ तर उघडच चूक, सगळा प्रसंगच ते नाकारण्यासाठी सांगितला आहे. ‘मला तो घेववत नाही’ किंवा ‘माझं मन घेत नाही’ एवढंच.

(ज़ब्बला मराठीत सर्रास घोरपड म्हणतात. घोरपड म्हणजे अरबीतला ‘वरल’, तो मांसाहारी. ज़ब्ब हा काटेरी शेपटीचा, मुख्यतः पालापाचोळ्यावर जगणारा वाळवंटी सरडा. आपल्याकडे कच्छ-राजस्थानात त्याच्या जातभाईला सांडा म्हणतात, तो शब्द घ्या.)

आफ़वरूनच ‘अयूफ़’ : असा उंट, जो तहानलेला असूनही पाणी हुंगतो आणि न पिता निघून जातो. या एका शब्दात आफ़चा सगळा अर्थ आला. गरज आहे, समोर आहे, मन घेत नाही. ‘इयाफ़ा’ मात्र वेगळी. पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहण्याची विद्या. अक्षरं तीच, पण वर्तमानकाळ ‘यईफ़ु’. नावडीचं ‘यआफ़ु’.

अजिम : तेच ते खाऊन विटणं. इथे मराठी श्रीमंत आहे, ‘वीट येणे’ शंभर टक्के बसतं. कोशातली व्याख्याच अशी की सतत तेच घेत राहिल्याने ते नावडतं झालं. वर कोणी शिसारी सुचवण्याआधीच सांगतो, शिसारी नव्हे. शिसारी पहिल्या घासालाही येते, वीट शंभराव्या घासाला.

करिह : सर्वसाधारण शब्द, कारण न सांगता. ‘पैगंबरांनी कधी कोणत्या अन्नाला नावं ठेवली नाहीत, इश्तहा झाली तर खाल्लं, करिह वाटलं तर सोडलं’ या हदीसमध्ये तो इश्तहाच्या समोर उभा आहे. पण त्या वाक्यात पहिलं क्रियापद ‘आब’ आहे (नावं ठेवणे, खोड काढणे), ‘आफ़’ नाही. हस्तलिखितात टिंबं गळली असतील तर बा आणि फ़ा यांचा घोळ होतो आणि वाक्य उलटं होतं. आफ़ तर त्यांना झालं होतं, वर ज़ब्ब पाहिलाच.

बशिअ : हा वस्तूचा गुण. घशाला धरणारं, कडवट-कोरडं अन्न. आधुनिक अरबीत ‘भयंकर, ओंगळ’ झालाय. जुन्या पाककृतीच्या संदर्भात ‘घशाला लागणारं’ लिहा.

लक़िसत नफ़्सी : जीव मळमळतोय. हदीसमध्ये सांगितलंय की ‘ख़बुसत नफ़्सी’ म्हणू नका, ‘लक़िसत’ म्हणा. कारण ख़बुसच्या मुळात नीचपणा, दुष्टपणाही आहे, आणि नफ़्स म्हणजे जीवही आणि अंतःकरणही. मराठीत हा श्लेष उभा करता येत नाही. भाषांतरात ‘माझं मन घाण झालंय म्हणू नका, जीव मळमळतोय म्हणा’ असं सैलसर करावं लागतं.

शब्दपिसाट

‘इफ़्तु-ल्-लबन’ चपखल बसलं, पुढच्या ओळीत ‘तीन महिने दुसरं काही नव्हतं’ असं आहे. पण मग तिथे ‘अजिम’ यायला हवं होतं ना?

आणि क़ह्वाचं काय? एका जुन्या कवितेत क़ह्वाचा पेला आहे. कॉफीचा अर्थ लागत नाही.

काफ़काना

अजिम आलं असतं तर अधिक नेमकं झालं असतं. पण आफ़ व्यापक आहे. विटल्यामुळे शेवटी मन घेईनासं होतं त्या शेवटच्या अवस्थेलाही तो चालतो. लेखकाने कारण पुढच्या ओळीत दिलंय, म्हणून क्रियापदात पुन्हा दिलं नाही. मराठीत तसंच ठेवा, ‘घेववेना’ आणि पुढे तीन महिने. ‘वीट आला’ लिहिलंत तर पुढची ओळ फुकट जाते.

क़ह्वा या चर्चेत अगदी योग्य वेळी आली. ‘अक़्हा अनि-त्-तआम’ म्हणजे त्याची अन्नावरची वासना उडाली (इथेही ‘अन’ आहे, बघा). आणि कोशकार म्हणतात, पिणाऱ्याची भूक घालवते म्हणून ती क़ह्वा. पण ती म्हणजे दारू! इब्न मंज़ूर १३११ मध्ये वारला, त्याच्या ‘लिसान अल्-अरब’ या कोशामध्ये क़ह्वाचा अर्थ मद्य. येमेनच्या सूफ़ींमध्ये कॉफी पिण्याचा प्रघात पडला तो पंधराव्या शतकात, आणि मक्केत तिच्यावर पहिली गाजलेली बंदी आली १५११ मध्ये. त्यामुळे अब्बासी कवी अबू नुवासच्या काळातल्या कवितेत क़ह्वा दिसली की डोळे मिटून ‘मदिरा’ लिहा. पंधराव्या शतकानंतरचं असेल तर कॉफी. मधल्या काळातलं असेल तर सोबत ‘बुन्न’ आहे का पाहा. बुन्न म्हणजे कॉफीचा दाणा, आपले ‘बुंददाणे’ त्यातलेच.

व्युत्पत्ती खरी की कोशकारांनी मागाहून जुळवलेली, यावर वाद घालता येईल. पण भाषांतराला काळ पुरतो.

मात्रावळसा

वैद्यकीय ग्रंथ लागणार असतील तर तिथली परिभाषा काटेकोर आहे, आणि सुदैवाने मराठीत आयुर्वेदामुळे जोड्या तयार आहेत.

इब्न सीनाच्या ‘क़ानून’च्या तिसऱ्या ग्रंथात, जठराच्या प्रकरणात :

‘बुत्लान अश्-शह्वा’, वासना पूर्ण उडणे : अरोचक किंवा अरुची. अग्निमांद्य लिहू नका. ते पचनाचं मंदावणं आहे, त्यासाठी अरबीत ‘हज़्म’ धरून वेगळे शब्द आहेत (आपलं ‘हजम’ तेच).

‘फ़साद अश्-शह्वा’, वासना बिघडणे : माती, कोळसा असलं खावंसं वाटणे. ‘भलत्याच वस्तूंची वासना’ असं उघड लिहा.

‘अश्-शह्वा अल्-कल्बिय्या’, शब्दशः कुत्र्याची भूक : कितीही खाल्लं तरी न भागणारी. भस्म्या. बोलीत ‘भस्म्या झालाय’ म्हणतात तेच.

‘बूलीमूस’ : ग्रीक शब्द, अर्थ बैलाची भूक, म्हणून अरबीत ‘अल्-जूअ अल्-बक़री’. हा भस्म्या नव्हे! इब्न सीनाची व्याख्या ‘अवयव भुकेले, जठर तृप्त’ अशी आहे. म्हणजे शरीर झिजतंय, अन्न हवंय, पण रोग्याला खावंसं वाटत नाही. आजच्या पाश्चात्त्य वैद्यकात याच ग्रीक शब्दावरून आलेलं नाव नेमक्या उलट अवस्थेला, अधाशासारखं खात सुटण्याला, दिलं जातं. त्यामुळे आधुनिक कोश पाहून बूलीमूस भाषांतरित केला की वाक्य डोक्यावर उभं राहतं. या एका व्याख्येतून जूअ आणि शह्वा यांचा फरकही स्पष्ट होतो : जूअ शरीराची, शह्वा मनाची. एक असून दुसरी नसू शकते.

आजच्या अरबी वैद्यक परिभाषेने हे जुने शब्द पुन्हा कामाला लावलेत. वासना उडण्याच्या विकाराला ‘क़हम’ (अक़्हाचाच शेजारी ‘अक़्हम’, त्यावरून) आणि अति खाण्याच्या विकाराला ‘नुहाम’. नहम म्हणजे न भागणारी खादाडी.

‘वहम’ म्हणजे डोहाळे, यात शंकाच नको. डोहाळकरीण ती ‘वह्मा’. म्हणही आहे : ‘वह्मा व ला हबल’, डोहाळे आहेत, गर्भ नाही. जे नाव काढाल ते ज्याला हवंसं वाटतं त्याला उद्देशून. फक्त इथली हा घशातली, मोठी. छोट्या हा चा ‘वह्म’ म्हणजे भ्रम, त्यावरून आपला ‘वहम’. देवनागरीत दोन्ही जवळजवळ एक दिसतात, म्हणून मराठी मजकुरात मूळ शब्द न ठेवता थेट ‘डोहाळे’ लिहिलेलं बरं.

तिरपागडे

भुकेच्या पायऱ्या राहिल्या. सआलिबीचा क्रम : जूअ, सग़ब, ग़रस, तवा, मख़्मसा, ज़रम, सुआर. सात वेगळे मराठी शब्द शोधत बसू नका, मुळांतली चित्रं घ्या, ती मराठीत आयती आहेत. तवाच्या मुळात घडी घालणं आहे : पोट पाठीला लागलं. मख़्मसाच्या मुळात पोकळ खोलगटपणा (तळपायाचा खळगा तो ‘अख़्मस’) : पोट खपाटीला गेलं. ज़रम आणि सुआर दोन्ही आगीचे शब्द : पोटात आग पडली. कुरआनात ५:३ मध्ये मख़्मसा आहे, जीव वाचवायला निषिद्ध खाण्याची मुभा देणारी उपासमार. तिथे ‘भूक’ लिहिणं फारच मवाळ होईल. ग़रसवरून पैगंबरांच्या काळातला कवी हस्सान इब्न साबितची पैगंबरपत्नी आइशांवरची ओळ : बेसावध स्त्रियांच्या मांसाबाबत ती सकाळी उपाशीच (ग़र्सा) उठते. मांस खाणं म्हणजे पाठीमागे निंदा करणं, हे टीप देऊनच सांगावं लागेल.

हावरटपणाचे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. नहम म्हणजे खादाडी, स्वतःच्या पोटाची. जशअ म्हणजे स्वतःचा वाटा घेऊन वर दुसऱ्याच्या वाट्यावर डोळा. इस्लामपूर्व कवी अश्-शन्फ़रा म्हणतो : अन्नाकडे हात पुढे झाले तर मी सर्वांत घाईचा नसतो, कारण लोकांत जो सर्वांत ‘अज्शअ’ तोच सर्वांत घाईचा. हा ‘हावरा’, नुसता खादाड नव्हे.

आणि पोट भरल्यानंतरचं : बशिम म्हणजे इतकं खाल्लं की आता अन्नाकडे बघवत नाही. तुख़मा म्हणजे अजीर्ण. ‘अल्-बित्ना तुज़्हिबु-ल्-फ़ित्ना’ ही म्हण भेटेल, गच्च पोट अक्कल घालवतं. इथला फ़ित्ना जाड ता चा, म्हणजे बुद्धीची चलाखी. बखेडा या अर्थाचा फ़ित्ना पातळ ता चा.

शब्दपिसाट

हे सगळं कोशात शोधायचं कसं? ‘इश्तहैतु’ या अक्षरांवरून मी शीन-हा-या शोधत होते, सापडलं नाही.

काफ़काना

कारण मूळ शीन-हा-वाव आहे. क्रियापदाच्या आठव्या साच्यात (इफ़्तअल) गेलं की शेवटचा वाव या बनतो. दुबळं अक्षर असलेल्या मुळासाठी क्रियापदाऐवजी नाम बघायची सवय लावा : शह्वामध्ये वाव उघड दिसतो. तसंच ‘आफ़’चं मधलं अक्षर भूतकाळात आणि ‘यआफ़ु’मध्येही लपतं, ‘इयाफ़’ हे नाम पाहिलं की या सापडतो.

कोशांची मांडणी वेगवेगळी आहे. लिसान आणि फ़ीरूज़ाबादीचा क़ामूस मुळाच्या शेवटच्या अक्षरावर लावलेले आहेत, मग पहिल्या. म्हणजे आफ़ शोधायचं तर फ़ा चा बाब (प्रकरण), त्यात ऐनचा फ़स्ल (पोटभाग). अय्मा, क़रम, नहम, वहम, अजिम हे सगळे मीमच्या बाबात एकत्र, म्हणून एका बैठकीत उरकतात. आधुनिक छापील आवृत्त्या कधीकधी पहिल्या अक्षरावर नव्याने लावलेल्या असतात, आधी मुखपृष्ठानंतरची सूचना वाचा.

लेनचा अरबी-इंग्रजी कोश (८ खंड, १८६३ ते १८९३) आफ़, अय्मा, शह्वासाठी अप्रतिम आहे, कारण प्रत्येक अर्थामागे कोणत्या अरबी कोशकाराचा आधार हे तो देतो. पण लेन १८७६ मध्ये वारला तेव्हा क़ाफ़ चालू होता. तिथून पुढचं त्याच्या अपुऱ्या टिपणांवरून छापलेलं आहे. म्हणजे क़रम, क़ह्वा, लक़िस, नहम, वहम या नोंदींवर विसंबू नका. त्यांच्यासाठी सरळ लिसान उघडा.